अण्णाभाऊंची वारणा आणि अण्णाभाऊंची मुंबई

अण्णाभाऊ साठे यांच्याविषयीं लिहिणाऱ्यांचे आपल्याकडे दोन पंथ दिसतात. पहिल्यास परळ-लालबागच्या सभा गाजविणारा शाहीर तेवढा प्रिय. कादंबऱ्या म्हणजे त्या शाहिराचा फावल्या वेळचा उद्योग, असें तो समजतो. दुसरा पंथ 'फकिरा'ची पूजा बांधतो आणि वगनाट्यांकडे प्रचार म्हणून पाठ फिरवितो. आमच्या मतें दोघांचा दोष एकच. वारणेच्या खोऱ्यांतल्या कथा आणि मुंबईच्या कामगारवस्तींतले वग हें एकाच हाताचें काम आहे, आणि एकाचे गुणदोष दुसऱ्याच्या मदतीवांचून कळत नाहींत.

चरित्र बहुतेकांस ठाऊक आहे. १ ऑगस्ट १९२० रोजीं वाटेगांवीं जन्म, शाळा नांवापुरती, १९३१ सालीं बापाबरोबर पायीं मुंबईचा रस्ता, पुढें गिरणी, आणि १९४० नंतरच्या दशकांत अमर शेख व द. ना. गवाणकर यांच्यासह लाल बावटा कलापथक. १८ जुलै १९६९ रोजीं ते वारले तेव्हां त्यांच्या नांवावर तीसांहून अधिक कादंबऱ्या होत्या.

या कलापथकाचा प्रेक्षक कोण, हें प्रथम ध्यानांत घेतलें पाहिजे. पाळी संपवून आलेला, मैदानांत किंवा चाळींमधल्या मोकळ्या जागेंत बसलेला गिरणीकामगार. त्याला लांबलचक वर्णनास सवड नाहीं, आणि बोली परकी वाटली तर तो उठून जातो. 'अकलेची गोष्ट' किंवा 'माझी मुंबई' यांसारख्या वगांत पात्राला येतांच आपला धंदा आणि मतलब उघड करावा लागतो, तो यामुळेंच. गणांत गणपतीच्या जागीं मातृभूमि आणि श्रम करणारे हात आले, गौळण गळाली. पण सवाल-जवाबाची चाल आणि सोंगाड्याची वाकडी जीभ अण्णाभाऊंनीं हातची जाऊं दिली नाहीं. कुलीन मंडळी 'तमाशा' या शब्दास नाकें मुरडीत होती, त्या काळांत 'लोकनाट्य' हें नांव रूढ होण्यास त्यांचा मोठा हातभार लागला. (नांव बदलल्यानें ढोलकीचा आवाज बदलत नाहीं, ही गोष्ट वेगळी.)

आतां 'फकिरा' (१९५९) घ्या. शेजारच्या गांवची जोगिणी आपल्या गांवीं आणण्यासाठीं राणोजी शीव ओलांडतो आणि त्यापायीं प्राण गमावतो, हा आरंभ कादंबरीकाराचा नव्हे, वगकाराचा आहे. दोन गांवें, मधें एक शीव, आणि ती ओलांडणारा एक माणूस : याहून मोठा रंगमंच कोणास हवा? डोंगर येथें देखाव्यासाठीं उभा नाहीं. तो फरारी माणसाला आसरा देतो. उपाशी माणसाला मात्र कांहीं देत नाहीं. पुढें माणसें अन्नावांचून मरूं नयेत म्हणून केलेली लूट, आणि सरकारनें आपल्या लोकांना कोंडून ठेवल्यावर फकिराचें आपण होऊन स्वाधीन होणें, हीं दृश्यें वाचतांना समोर पटांगण दिसूं लागतें.

परंतु वगाची ही सवय अंगाशींहि येते. फकिरा इतका निर्दोष कीं त्याच्या मनांत दोन विचार एकमेकांशीं भांडतांना सहसा दिसत नाहींत. खलपुरुष पहिल्या वाक्यालाच ओळखूं येतो. पटांगणांतल्या गर्दीला जें पुरतें तें दिव्याखालीं एकट्या बसलेल्या वाचकाला पुरत नाहीं. या कादंबरीस वि. स. खांडेकरांची प्रस्तावना लाभली, १९६१ सालीं राज्य सरकारचें पारितोषिकहि मिळालें. तेवढ्यानें हा उणेपणा झांकत नाहीं.

इंग्रजी वाङ्मयाच्या अभ्यासकास येथें जॉन मिलिंग्टन सिंग या आयरिश नाटककाराची आठवण होईल. विक्लोच्या डोंगराळ मुलुखांतील एका जुन्या घरांत, जमिनीच्या फटींतून खालच्या स्वयंपाकघरांतल्या मोलकरणींचें बोलणें ऐकून आपणांस नाटकाची भाषा साधली, असें त्यानें १९०७ सालच्या एका प्रस्तावनेंत सांगितलें आहे. अण्णाभाऊंना फटीची गरज नव्हती. ते खालच्या मजल्यावरचेच होते. त्यामुळें सिंगच्या भाषेंत नवलानें कान देणाऱ्याचा जो हर्ष आहे, तो त्यांच्यांत नाहीं.

डोंगर आणि शहर यांचा खरा संगम आम्हांस 'स्मशानांतील सोनें' या कथेंत दिसतो. वारणेकडचा भीमा पोटासाठीं मुंबईस येतो, उपनगरांतल्या खाणींत दगड फोडतो. खाण बंद पडते. राखेंत सोनें सांपडल्यावर तो चितांची राख चाळूं लागतो, मग प्रेतें उकरूं लागतो. एका रात्रीं कोल्ह्यांशीं झुंजून तो एका मढ्याच्या तोंडांत हात घालतो, आणि त्या जबड्यांत त्याचीं बोटें अडकतात.

येथें कोणी भाषण करीत नाहीं, लाल निशाण कोठें फडकत नाहीं. तरीहि बेकारीवरच्या पुष्कळ कवनांहून ही कथा अधिक बोलते, कारण डोंगर फोडणारे हातच तिचा नायक आहेत. शेवटचा घाव मात्र अस्सल वगकाराचा. भीमा दोन बोटें गमावतो, आणि त्याच दिवशीं खाण पुन्हां सुरू झाल्याची बातमी येते. हा योगायोग आहे, असें म्हणून यास नांवें ठेवतां येतील. ठेवणारांनीं ठेवावीं, पण गिरणीच्या दाराशीं ज्यानें कामाची वाट पाहिली आहे, त्याला अशी बातमी एक दिवस उशिरां येण्यांत कांहींच नवल वाटणार नाहीं. ती ऐकून भीमा रडूं लागतो, आणि कथा तेथेंच थांबते.