ओव्हरक्लॉकिंग: ६ टक्क्यांसाठी एवढा खटाटोप?

लॅबमध्ये नवा डेस्कटॉप आला की आठवड्याभरात कोणीतरी विचारतंच, "ओव्हरक्लॉक केलास की नाही?" 'के' शेपटीचा महागडा प्रोसेसर घेतलाय, मग फुकटचा वेग का सोडायचा, असं त्यामागचं गणित. माझा आक्षेप त्या 'फुकट' शब्दावरच आहे.

एकेकाळी तो शब्द बऱ्यापैकी खरा होता. १९९८ साली आलेला इंटेलचा सेलेरॉन ३००ए हा ६६ मेगाहर्ट्झच्या बसवर चालायचा. बस १०० वर नेली की तोच प्रोसेसर ४५० मेगाहर्ट्झवर पळायचा. दीडपट! आज ती शिल्लक जागा कंपनी स्वतःच टर्बोच्या नावाने वापरून टाकते. २०१८ चा कोअर आय९-९९००के घ्या. मूळ वेग ३.६ गिगाहर्ट्झ, पण थंडावा आणि वीज पुरेशी असेल तर सगळ्या कोअरवर तो आपणहून ४.७ पर्यंत जातो. तुम्ही धडपडून ५ वर नेलात, तर वाढ ६.४ टक्के. कोणी ३.६ शी तुलना करून ३९ टक्के म्हणून सांगितलं तर हसून सोडून द्या. पेपर वाचताना आपण आधी बेसलाइन बघतो ना? मग इथेही बघा.

आता किंमत. प्रोसेसरची चालू असतानाची वीज साधारण वारंवारतेच्या प्रमाणात आणि व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. समजा ५ वर स्थिर राहायला व्होल्टेज १.२० वरून १.३० करावं लागलं. मग वेग ६ टक्के, वीज मात्र जवळपास २५ टक्के जास्त. ७२ तासांचं सिम्युलेशन असेल तर फार तर सव्वाचार तास वाचतील. तेही कोड पूर्णपणे प्रोसेसरवरच अडलेला असेल तर. अर्धा वेळ मेमरीची वाट बघण्यात जात असेल (स्पार्स मॅट्रिक्सवाल्यांनो, तुमचं असंच असतं), तर जेमतेम दोन तास. आणि पन्नासाव्या तासाला मशीन बंद पडलं तर?

खरं सांगायचं तर बंद पडलेलं परवडलं. आमच्याकडच्या एका ओव्हरक्लॉक केलेल्या मशीनवर माझा कोड सुखाने चालत होता. तोच कोड, तोच रँडम सीड, एकच थ्रेड. तरी दोन रनची ऊर्जा चौथ्या दशांश स्थळावर वेगळी. एक थ्रेड यासाठी म्हणतेय की अनेक थ्रेड असले तर बेरजेचा क्रम बदलून असा फरक निरोगी मशीनवरही पडतो. दोन आठवडे मी स्वतःच्या कोडमध्ये चूक शोधत बसले. शेवटी बायोसमधली सेटिंग मूळ जागी नेली आणि तीन रन केले. तिन्ही अगदी सारखे. त्याआधीचे सगळे आलेख पुन्हा काढावे लागले, आणि गाइडना ते सांगणं हा वेगळाच सोहळा.

"प्राइम९५ रात्रभर चालवून बघितलं की झालं" असं म्हणतात. टेस्ट चांगली आहे, नाही असं नाही. पण ती पास झाली याचा अर्थ त्या रात्री, त्या तापमानाला, त्या प्रकारच्या आकडेमोडीत चूक सापडली नाही, एवढाच. मे महिन्यातल्या नागपूरच्या दुपारी तुमचा कोड काय करेल हे ती सांगत नाही.

गेमिंगसाठी किंवा निव्वळ हौसेसाठी करा की, मजा येते, शिकायलाही मिळतं. वॉरंटीच्या अटी तेवढ्या आधी वाचा. प्रबंधाच्या मशीनवर मात्र पहिल्यांदा प्रोफायलर चालवा. माझ्या कोडमध्ये पायथनचा एक लूप नमपायच्या अ‍ॅरेमध्ये बदलला, तेव्हा तो भाग वीसेक पट वेगाने झाला. वेळ लागला एक दुपार, आणि पंख्याचा आवाजही वाढला नाही.