‘टेरारिया’तील गृहविचार : जागा, शेजार आणि घर

ज्या कृतीत पात्रे आहेत, स्थळ आहे आणि कर्त्याच्या करणीचे फळ भोगणारे कोणी आहे, ती कृती समीक्षेच्या कक्षेत येते, एवढे गृहीत धरून प्रस्तुत लेखात ‘टेरारिया’ या व्हिडिओ-खेळाच्या एका अंगाचा विचार करावयाचा आहे. री-लॉजिक या अमेरिकन संस्थेने १६ मे २०११ रोजी हा खेळ प्रसिद्ध केला. त्याचा मुख्य रचनाकार अँड्र्यू स्पिंक्स. खेळाडूने जमीन खणावी, लाकूड व धातू मिळवावेत, रात्री येणाऱ्या राक्षसांपासून जीव वाचवावा आणि हवे ते बांधावे, असे त्याचे स्थूल स्वरूप आहे. या बांधण्यात एक कर्तव्य मात्र जवळजवळ अटळ असते. ते म्हणजे व्यापारी, परिचारिका, शस्त्रविक्रेता इत्यादी पात्रांसाठी निवारा उभारणे. निवारा नसेल तर ही पात्रे वस्तीला येत नाहीत, आणि ती आली नाहीत तर पुढील मार्ग फार बिकट होतो. तेव्हा या खेळात ‘घर’ या कल्पनेचा नेमका अर्थ काय ठरतो, हा प्रश्न उपस्थित होतो.

प्रथम नियम पाहू. खोली चहूबाजूंनी बंदिस्त असावी. भिंती, जमीन व छत धरून तिचे क्षेत्र निदान ६० चौरस ठोकळे असावे व ते ७५० च्या आत राहावे. येण्याजाण्यास दार असावे. मागची भिंत खेळाडूने बांधलेली असावी, मातीत मुळातच असलेली चालत नाही. एक दिवा, एक बैठक आणि टेबलासारखा एक सपाट पृष्ठभाग असावा. आसपास दूषित भूमीचा फैलाव झालेला नसावा. खेळाडूच्या हाती प्रश्नचिन्हाचे एक साधन दिलेले आहे. ते खोलीवर ठेवताच खोली राहण्यायोग्य आहे की नाही, आणि नसल्यास काय उणे आहे, हे तत्काळ कळते. घराची ही व्याख्या म्हणजे तपासनिसाच्या हातातील यादी होय. तीत राहणाऱ्याच्या मनाला कोठेही स्थान नाही.

व्यापाऱ्याच्या आगमनाची अटही अशीच बोलकी आहे. रिकामी खोली तयार असावी आणि खेळाडूंजवळ मिळून ५० हून अधिक रुपेरी नाणी असावीत, म्हणजे तो येतो. परिचारिका येते ती व्यापारी आल्यानंतर, आणि तीही खेळाडूने आपले आयुर्मान वाढविले असेल तर. शस्त्रविक्रेत्याला बंदूक किंवा गोळ्या बाळगणारा यजमान लागतो. तात्पर्य, प्रत्येक पात्र आपले गिऱ्हाईक ओळखूनच वस्तीला येते. व्यापारी पणत्यांसारखे साधे दिवे, बाण आणि औषधे विकतो; रात्र पडली की आपल्या खोलीत परततो. तो मारला गेला तर खोली रिकामी राहते आणि काही काळाने दुसऱ्या नावाचा दुसरा व्यापारी तीत येऊन राहतो. खोली टिकते, माणूस बदलतो.

मराठीत ‘जागा’, ‘बिऱ्हाड’ आणि ‘घर’ हे तीन शब्द आहेत आणि त्यांच्यातील अंतर कोणाला सांगावे लागत नाही. जागा मोजता येते. बिऱ्हाड थाटावे लागते. त्याला शेजार असतो. घर मात्र मोजूनही सिद्ध होत नाही आणि थाटूनही होईलच असे नाही. या दृष्टीने पाहता २०११ च्या ‘टेरारिया’ने आपल्या पात्रांना केवळ जागा दिली, असे म्हणणे प्राप्त आहे. त्याचा परिणामही अपेक्षितच झाला. किमान मापाच्या खोल्या एकीवर एक रचून, त्यांत एक टेबल, एक खुर्ची आणि एक दिवा ठेवून पुष्कळ खेळाडूंनी उंच इमारती उभारल्या. अशा इमारतींना खेळाडू स्वतःच विनोदाने तुरुंग म्हणत असत. नियमाने जेवढे मागितले तेवढेच मिळाले, यात नवल नाही.

१६ मे २०२० रोजी प्रसिद्ध झालेल्या ‘जर्नीज एंड’ या आवृत्तीने या विचारात महत्त्वाची भर घातली. पात्रांना आता आवडीनिवडी प्राप्त झाल्या. व्यापाऱ्याला वनप्रदेश रुचतो, वाळवंट रुचत नाही. परिचारिकेचा शेजार त्याला आवडतो, करवसुली करणाऱ्याचा आवडत नाही. परिचारिकेचे मन शस्त्रविक्रेत्यावर आहे. गोब्लिन कारागीर आणि यंत्रकाम करणारी स्त्री यांना परस्परांची ओढ आहे. पंचवीस ठोकळ्यांच्या अंतरात तीनहून अधिक शेजारी झाले की पात्रे गर्दीची तक्रार करतात. खेळाडूने विचारले असता प्रत्येकजण आपले सुखदुःख शब्दांत सांगतो. उंच इमारतींचा उपयोग त्यामुळे कमी झाला आणि दोघातिघांच्या लहान वस्त्या निरनिराळ्या प्रदेशांत पसरू लागल्या. जागेचे बिऱ्हाड झाले, एवढे श्रेय या आवृत्तीला निःसंशय दिले पाहिजे.

परंतु येथेच समीक्षकाने थांबून पाहणे अवश्य आहे. या सुखाचे मोजमाप कशात होते? किमतीत. पात्र संतुष्ट असेल तर त्याचा माल मूळ किमतीच्या ७५ टक्क्यांपर्यंत उतरतो, असंतुष्ट असेल तर १५० टक्क्यांपर्यंत चढतो. शिवाय संतुष्ट विक्रेता एक खांब विकतो. तो योग्य प्रदेशात रोवला आणि जवळ दोन पात्रे राहत असली, म्हणजे अशा एका खांबापासून दुसऱ्यापर्यंत क्षणात प्रवास करता येतो. म्हणजे पात्रांच्या सुखासाठी खेळाडू जे करतो, त्याचा मोबदला त्याला रोख मिळतो. यजमान आपल्या पाहुण्याची विचारपूस करीत आहे की धनी आपल्या हिशेबाची, हे बाहेरून पाहणाऱ्याला सांगता येत नाही. पुष्कळदा खुद्द खेळाडूलाही सांगता येत नसावे.

यावर असा आक्षेप घेता येईल की, हेतू कोणताही असो, पात्राला आवडीचा प्रदेश व शेजार मिळाला ना? मग हेतूची चिकित्सा कशाला? आक्षेप वजनदार आहे, आणि शहररचनेच्या दृष्टीने तो ग्राह्यही ठरेल. परंतु काल्पनिक पात्राला प्रत्यक्ष सुख होत नसते. कृतीत खरे असते ते कर्त्याचे वर्तन. म्हणून येथे हेतूचा विचार टाळता येत नाही.

या ठिकाणी एक गोष्ट सहसा दुर्लक्षिली जाते. २०२० च्या नियमांतही पात्राचे सुख प्रदेश, शेजार आणि गर्दी यांवर ठरते. खोलीच्या सजावटीवर नाही. साठ ठोकळ्यांच्या अंधाऱ्या कोठडीत ठेवलेला व्यापारी, प्रदेश व शेजार अनुकूल असल्यास, तितकाच संतुष्ट असतो. असे असूनही असंख्य खेळाडू त्याच्या खोलीला खिडकी ठेवतात, उतरते छप्पर घालतात, भिंतीवर चित्र टांगतात, परिचारिकेची खोली रुग्णालयासारखी आणि शस्त्रविक्रेत्याची कोठारासारखी सजवितात. या कष्टांचा मोबदला खेळ देत नाही. प्रश्नचिन्हाचे साधन त्यांची नोंदही घेत नाही. आमच्या मते ‘टेरारिया’त घर सापडते ते येथेच, म्हणजे नियमाने न मागितलेल्या या भागात. उलट २०२० च्या आवृत्तीने ज्याला सुख म्हटले, ते मोबदल्याला बांधल्यामुळे त्याची पारख करणे कठीण झाले आहे.

या विवेचनाला पात्रांपैकी वाटाड्याचे उदाहरण पोषक आहे. जग उघडताच तो खेळाडूसमोर उभा असतो. म्हणून पहिली खोली बहुधा त्याच्यासाठीच बांधली जाते. पुढे पाताळात त्याच्या नावाची एक बाहुली हाती लागते. ती धारण करणारा मनुष्य दुष्ट आहे, असे खेळच तेथे बजावतो. ती बाहुली तप्त लाव्हारसात टाकली की वाटाड्या मरतो, मांसाची प्रचंड भिंत प्रकट होते आणि तिच्या पराभवानंतर खेळाचा कठीण उत्तरार्ध सुरू होतो. ज्याला प्रथम आसरा दिला त्याचाच बळी दिल्याखेरीज हा उत्तरार्ध उघडत नाही. त्यानंतर नवा वाटाड्या त्याच खोलीत येतो. जागेच्या दृष्टीने काहीच घडलेले नसते. घराच्या दृष्टीने मात्र फार मोठे काही घडलेले असते. हा फरक ज्या खेळाडूला जाणवतो, त्याने आपल्या हातांनी केवळ साठ ठोकळे रचले नव्हते.

‘घर पाहावे बांधून’ ही म्हण बांधणाऱ्याच्या बाजूने बोलते, आणि ‘टेरारिया’ही त्याच बाजूने बोलतो. राहणाऱ्याची बाजू ऐकण्याचा प्रयत्न २०२० मध्ये झाला, पण ती बाजू भावाच्या चढउतारात व्यक्त झाली. पात्राला आपल्या खोलीविषयी स्वतंत्रपणे काही म्हणता येईल, आणि त्याचा लाभ खेळाडूला होणार नाही, अशी एखादी तरतूद या रचनेत असती, तर तिची योग्यता निश्चितच वाढली असती. तूर्त ती उणीव खेळाडूच भरून काढीत आहेत, व्यापाऱ्याच्या भिंतीला कोणी न मागितलेली एक खिडकी ठेवून.