चौकोनाला आधार कागदाचा

दिवाळीच्या सुट्टीआधी भाचीला शाळेतून प्रकल्प मिळाला होता, ‘घनाकृतींपासून कलाकृती’. दुकानातून थर्माकोलचे गोळे, शंकू, ठोकळे आणले. शंकूला हिरवी चमकी फासली, झालं झाड. ठोकळ्याला रंगीत कागद चिकटवून वर टिकल्या लावल्या, झालं घर. वहीत शेरा आला, ‘सजावट सुंदर’. मी तिला सहज विचारलं, “ठोकळ्याला कडा किती गं?” ती म्हणाली, “मावशी, ते गणितात असतं.”

मला खटकलं ते इथेच. आकार विकत आणायचा, तो झाकून टाकायचा आणि झाकण्याला कला म्हणायचं! ठोकळ्याच्या जागी दगड असता तरी टिकल्या तशाच बसल्या असत्या.

याच्या अगदी उलट टोकाचं काम अरविंद गुप्तांचं. कानपूरच्या आयआयटीतून शिकलेल्या या माणसाने काडेपेटीच्या काड्या आणि सायकलची व्हॉल्व्ह ट्यूब एवढ्यावर भूमिती हातात आणून दिली. एकलव्यने १९८७ साली काढलेलं त्यांचं त्या काड्यांचं पुस्तक आजही मुलांच्या हाती द्यावं असं आहे. काड्यांचा गूल खरवडायचा, ट्यूबच्या तुकड्यांनी टोकं जोडायची. त्रिकोण केला तर ताठ राहतो, चौकोन दाबला की तिरपा होतो. सहा काड्यांचा चतुष्फलक उभा राहतो, बारा काड्यांचा घन लोळण घेतो. आठवी-नववीत फळ्यावर जे कळलं नाही ते मला पन्नाशीत बोटांना कळलं.

तरीपण या पुस्तकाविषयी एक तक्रार आहेच. काड्यांच्या या जगात चौकोन म्हणजे नेहमीचा हरणारा गडी. त्याला सावरायला कर्णाची काडी घालावी लागते. काड्यांना कडा असतात, अंग नसतं. म्हणून रंग आणि उजेड तिथे शिरतच नाहीत. मूल शास्त्र शिकतं, पण कलेची भूक तशीच राहते.

ती भूक आपल्या आकाशकंदिलात भागते. यंदा आम्ही मावशी-भाचीने बेळगावच्या घरी तो कामट्यांचा केला. सारख्या मापाच्या चोवीस कामट्या. चार चौकोन बांधून कोपऱ्यावर उभे केले आणि कोपऱ्याला कोपरा जोडून फेर धरला. मग वर चार, खाली चार कामट्या. मोजलं तर सहा चौकोन, आठ त्रिकोण. हाच आकार काड्या-ट्यूबचा करून त्रिकोणावर उभा ठेवा आणि वरचा त्रिकोण दाबा. सगळा आकार गिरकी घेत मिटतो, चौकोन नाहीसे होतात आणि आठ त्रिकोणच उरतात. बकमिन्स्टर फुलर या अमेरिकी रचनाकाराने या गिरकीला एका नाचाचं नाव दिलं होतं, जिटरबग.

आमचा सांगाडाही दोरा आवळून बांधला तरी हातात पिळवटत होता. वरच्या चौकोनात बल्ब टांगायला आणि खालच्यात शेपट्या बांधायला कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत एकेक कामटी टाकली, तेव्हा थोडा सावरला. मग खळ लावून पतंगाचा कागद ताणून बसवला. वाळल्यावर बघते तर कंदील ताठ! चौकोन तिरपा व्हायचा तर त्याचा एक कर्ण लांबावा लागतो. ताणलेला कागद काही लांबत नाही, म्हणून चौकोन जागचा हलत नाही. त्रिकोणांवरचा कागद रंगासाठी, चौकोनांवरचा आधारासाठी. आणि उजेड दोन्हीतून सारखाच येतो.

म्हणून अशा प्रकल्पांना माझी एकच परीक्षा आहे. सजावट काढून टाका आणि काय होतं ते बघा. थर्माकोलचं घर टिकल्यांवाचून होतं तसंच राहील. कंदील मात्र कागदावाचून पिळवटेल. शेरा द्यायचाच तर त्या कागदाला द्यावा.

निर्वाणलाडू चढवून देवळातून परत आलो तेव्हा वाऱ्याने कंदिलाची एक बाजू फाटली होती. भाची मान वर करून बराच वेळ बघत राहिली. म्हणाली, “मावशी, फाटलाय तोच चौकोन वाकडा झालाय.”

मी खळ करायला आत गेले.