नोंदीचा पत्ता आणि नोंदीचा अर्थ : युनिक्सच्या मॅन्युअलची विभागरचना व दासबोधाची दशकरचना

१

दासबोधाचा निर्देश अंकांनी करण्याची रीत मराठी अभ्यासकांत रूढ आहे. लेखनकलेविषयी बोलावयाचे असल्यास एकोणिसाव्या दशकातील पहिल्या समासाचा आधार दिला जातो. राजकारणाची चर्चा निघाली की अकराव्यातील पाचवा किंवा एकोणिसाव्यातील नववा समास पुढे येतो. या रीतीच्या आश्रयाने एक समजूतही दृढ झाली आहे. दासबोध हा प्रपंच-परमार्थाचा संदर्भग्रंथ असून त्यातील हवा तो समास हवा तेव्हा काढून स्वतंत्रपणे वाचता येतो, अशी ती समजूत होय. तिची परीक्षा करावयाची तर प्रथम संदर्भग्रंथ या प्रकाराचा एक निर्भेळ नमुना समोर ठेवला पाहिजे. युनिक्स या संगणकप्रणालीचे मॅन्युअल हा असा नमुना आहे. एक ग्रंथ सतराव्या शतकातील, दुसरा विसाव्या शतकातील. त्यांच्यात प्रभावाचा प्रश्न संभवत नाही. तुलना केवळ रचनेची आहे. मोठ्या सामग्रीचे विभाग कसे पाडावे, प्रत्येक भागाला नाव व अंक कसा द्यावा आणि एकाच नावाचे दोन भाग आले तर काय करावे, हे प्रश्न मात्र दोन्हीकडे समान आहेत.

२

न्यू जर्सीतील मरे हिल येथील बेल प्रयोगशाळेत केन थॉम्प्सन व डेनिस रिची यांनी सिद्ध केलेल्या या मॅन्युअलच्या पहिल्या आवृत्तीवर ३ नोव्हेंबर १९७१ ही तारीख आहे. तिच्यात सात विभाग होते. पहिल्यात वापरणाऱ्याने टंकून द्यावयाच्या आज्ञा. दुसऱ्यात चालू प्रोग्रॅमने प्रणालीच्या गाभ्याकडे करावयाच्या मागण्या. तिसऱ्यात प्रोग्रॅम लिहिणाऱ्याला आयती मिळणारी उपकार्ये. चौथ्यात उपकरणांशी जोडलेल्या विशेष फाइली. पाचव्यात फाइलींची आंतरिक घडण. सहाव्यात वापरणाऱ्यांनी स्वतःच सांभाळलेले प्रोग्रॅम. आणि सातव्यात जे अन्यत्र बसत नाही ते सर्व. १९७९ च्या सातव्या आवृत्तीत विभाग आठ होते. तेथे सहावा खेळांचा होता व आठवा प्रणालीच्या देखभालीसाठी राखलेला होता.

हे विभाग विषयानुसार पाडलेले नाहीत, ही गोष्ट प्रथमदर्शनी ध्यानात येत नाही. फाइल कोणी वाचावी व कोणी बदलावी हे ठरविणे, हा एकच विषय घ्यावा. त्यासंबंधीची ‘चमॉड’ नावाची नोंद पहिल्या विभागात आहे आणि त्याच नावाची दुसरी नोंद दुसऱ्या विभागात आहे. पहिली नोंद माणसाने टंकावयाच्या आज्ञेची, दुसरी प्रोग्रॅमने करावयाच्या मागणीची. म्हणजे विभाग ठरतो तो ‘काय’ यावरून ठरत नसून ‘कोण कोणाशी बोलत आहे’ यावरून ठरतो. व्याकरणाच्या परिभाषेत सांगावयाचे तर येथील वर्गीकरणाचे तत्त्व वक्ता आणि श्रोता यांच्या संबंधाचे आहे. सहावा व सातवा विभाग या तत्त्वाला अपवाद आहेत, आणि सातवा तर उघडच उरलेल्यांचा संग्रह आहे.

विभागातील प्रत्येक नोंदीचा साचा ठरलेला असतो : नाव, वापराचा सांगाडा, वर्णन, संबंधित फाइली, ‘हेही पाहा’ आणि शेवटी दोष. आपल्या विषयाचे ज्ञात दोष त्याच पानावर नोंदविण्याची ही पद्धत विशेष प्रशंसनीय म्हटली पाहिजे. नोंदी विभागाच्या आत वर्णानुक्रमाने लावल्या होत्या आणि ग्रंथभर चालणारे पृष्ठांक बुद्धिपुरस्सर टाळले होते. कारण मॅन्युअलमध्ये वारंवार भर पडणार, ही अपेक्षा रचनाकारांच्या मनात आरंभापासूनच होती. नवी नोंद मध्ये घातली तरी इतर कोणत्याही नोंदीचा पत्ता बदलू नये, अशी ती योजना होती. अशा ग्रंथाला पहिले पान व शेवटचे पान असते, पण आरंभ आणि शेवट असत नाही.

३

या रचनेची खरी कसोटी नामसाम्याच्या ठिकाणी लागते. ‘राइट’ या नावाच्या दोन नोंदी पहिल्या आवृत्तीतच आहेत. पहिल्या विभागातील ‘राइट’ म्हणजे यंत्रावर त्याच वेळी काम करीत असलेल्या दुसऱ्या व्यक्तीला निरोप लिहिणे; दुसऱ्या विभागातील ‘राइट’ म्हणजे फाइलीत मजकूर घालणे. ‘चमॉड’च्या दोन नोंदींत अर्थ एकच असून पातळी भिन्न आहे, ‘राइट’च्या दोन नोंदींत अर्थच दूर गेलेले आहेत. भाषाशास्त्र या दोन प्रकारांत भेद करील. मॅन्युअल करीत नाही. ते दोन्ही ठिकाणी नावापुढे कंसात विभागांक लिहिते, ‘राइट (१)’ आणि ‘राइट (२)’. अशा रीतीने अंक हा नावाचाच घटक बनतो. अंकावाचून नाव अपुरे राहते.

अपुऱ्या नावाचे परिणाम प्रत्यक्षात भोगावे लागतात. वाचकाने अंक न देता नोंद मागितली तर यंत्र विभागांच्या ठरीव क्रमाने शोध घेते व प्रथम सापडेल ती नोंद दाखविते. आजच्या लिनक्सवर ‘प्रिंटएफ’ची नोंद मागणाऱ्या विद्यार्थ्यास सी भाषेतील उपकार्य हवे असते, ते तिसऱ्या विभागात असते; त्याच्यापुढे येते ती पहिल्या विभागातील आज्ञा. आपणांस भलतीच नोंद मिळाली आहे, हेही नवशिक्याच्या लक्षात येत नाही. सर्व विभागांतील नोंदी मागण्याची सोय आहे. परंतु दुसरी नोंद अस्तित्वात आहे हे ज्याला ठाऊक, तोच ती सोय वापरतो.

भारतीय कोशपरंपरेने हाच प्रश्न निराळ्या प्रकारे सोडविला होता. अमरकोशात शब्द विषयवार वर्गांत लावले असून अनेकार्थी शब्दांसाठी तिसऱ्या कांडात स्वतंत्र नानार्थवर्ग आहे. त्यातील शब्द अंत्य व्यंजनाच्या क्रमाने येतात. एका नावाचे अनेक अर्थ तेथे एकाच ठिकाणी भेटतात. मॅन्युअल त्यांना अंकाने विभक्त करते, अमरकोश त्यांना एकत्र आणतो. उरलेल्या शब्दांसाठी त्याच कांडात संकीर्णवर्गही आहे.

मॅन्युअलमधील अंकाला स्वतःचा अर्थ नाही, हेही येथे नोंदविले पाहिजे. युनिक्सच्या सिस्टिम फाइव्ह या शाखेत फाइलींच्या घडणीचा विभाग पाचव्याऐवजी चौथा झाला आणि उपकरणांचा विभाग सातव्या स्थानी गेला. याच परंपरेतील सोलारिस प्रणालीने २०१८ मधील ११.४ या आवृत्तीत इतरत्र रूढ असलेले अंक स्वीकारले. वस्तू तीच राहिली, पत्ता बदलला. समर्थ रामदासांचे जन्मग्राम जांब याचे उदाहरण या ठिकाणी सहज आठवते. हे गाव पूर्वी अंबड तालुक्यात व औरंगाबाद जिल्ह्यात मोडत असे. १ मे १९८१ रोजी जालना जिल्हा अस्तित्वात आला, पुढे घनसावंगी तालुका वेगळा झाला आणि जांबचा पत्ता दोनदा बदलला. जुन्या कागदात ‘तालुका अंबड’ असे वाचून जो आजच्या अंबड तालुक्यात जांब शोधील, त्याची गत जुन्या अंकाने नवे मॅन्युअल उघडणाऱ्यासारखी होईल.

४

आता दासबोधाकडे वळावे. वीस दशक, प्रत्येकात दहा समास, एकूण दोनशे समास व ७७५१ ओव्या अशी त्याची मांडणी आहे. बाह्य रचनेत मॅन्युअलशी त्याचे साम्य थोडे नाही. प्रत्येक समासाला नाव व अंक आहे. प्रत्येक समासाच्या अखेरीस ग्रंथाचे नाव, गुरुशिष्यसंवाद हे त्याचे स्वरूप आणि समासाचे नाव सांगणारी पुष्पिका आहे. समास सुटा करून उतरून घेतला तरी तो कोठला, हे तीवरून कळते. ओव्यांचा अंक प्रत्येक समासात पुन्हा एकपासून सुरू होतो. पृष्ठांक टाळण्यामागे जे तत्त्व आहे, तेच येथे दिसते. पहिल्या समासात हा ग्रंथ कोणता, यात काय सांगितले आहे, श्रवणाचे फळ काय, याचे निवेदन आहे. अठराव्या दशकाचे नाव तर ‘बहुजिनसी’ असेच आहे. देवस्थानांपासून निद्रेपर्यंत आणि करंट्याच्या परीक्षेपासून श्रोत्याच्या अवलक्षणांपर्यंत नाना जिनसा त्यात आहेत. अमरकोशातील संकीर्णवर्ग व मॅन्युअलचा सातवा विभाग यांच्या पंक्तीला हा दशक बसतो. इतकेच नव्हे, तर सातव्या दशकाच्या अखेरीस ग्रंथ संपला असे स्पष्ट सांगितलेले असूनही पुढे तेरा दशक येतात. दासबोधही वाढत गेलेला ग्रंथ आहे.

नामसाम्यही येथे आहे. राजकारणनिरूपण अकराव्या दशकात पाचवे आहे व एकोणिसाव्यात नववे. उत्तमपुरुषाचे निरूपण बाराव्यातील दहाव्या समासात आहे व अठराव्यातील सहाव्यात पुन्हा आहे. मॅन्युअलच्या नियमाने पाहिल्यास अंक या जोड्यांना विभक्त करील; ‘राजकारण (११.५)’ व ‘राजकारण (१९.९)’ या दोन वेगळ्या नोंदी ठरतील आणि ज्याला जी हवी ती त्याने घ्यावी, असे होईल.

५

परंतु येथेच साम्य संपते. अकराव्या दशकातील समास राजकारणाचे स्थान निश्चित करतो. हरिकथानिरूपण हे मुख्य, राजकारण दुसरे, सर्व विषयांत सावधपण तिसरे, आणि मग अत्यंत साक्षेप, असा अनुक्रम तेथे लावून दिला आहे. एकोणिसाव्यातील समास समुदाय चालविणाऱ्याला एकांताचे महत्त्व सांगतो आणि दुर्जनाशी त्याच्याच तोलाचा माणूस गाठून द्यावा, अशी युक्ती शिकवितो. पहिल्यात क्रम आहे, दुसऱ्यात उपाय आहे. दुसरा समास एकटा उचलणाऱ्याच्या हाती उपाय लागतो, पण तो उपाय कशाच्या खालोखाल ठेवावयाचा, हे त्याला कळत नाही. व्याख्यानांतून व नेतृत्वविषयक पुस्तकांतून धटाला धट भिडविण्याचा हा उपदेश मुख्य म्हणून मिरविला जातो. ज्या समासात राजकारणाला दुसरे स्थान दिले आहे, तो त्याच्याबरोबर क्वचितच वाचला जातो. हा दोष वाचकाच्या स्मरणाचा आहे तितकाच वाचनपद्धतीचा आहे.

दासबोधात ‘हेही पाहा’ असा निर्देश नाही, मग हे दुवे वाचकाला कळावे कसे? दासबोधाचा निर्देशक शब्द निराळा आहे, तो म्हणजे ‘मागां’. दुसऱ्या दशकाचा दहावा समास पढतमूर्खाची लक्षणे सांगतो. त्याचा आरंभच मागे सांगितलेल्या मूर्खलक्षणांच्या स्मरणाने होतो, आणि तो समास मध्ये आठ समास सोडून, त्या दशकाच्या प्रारंभी आहे. एकोणिसाव्या दशकातील लेखनक्रियेचा समास तर अस्सल मॅन्युअलच्या पानासारखा आहे. अक्षर वाटोळे व मोकळे असावे, आरंभापासून अखेरपर्यंत ते एकाच लेखणीने काढल्यासारखे दिसावे, लेखणी, शाई व कागद यांची निवड कशी करावी, असा निव्वळ कृतीचा उपदेश त्यात आहे. तथापि लगेच पुढचा समास मागच्या समासातील लेखनभेदांचा उल्लेख करून अर्थभेदांकडे वळतो. सुबक अक्षर ही विवरणाची पहिली पायरी होती, हे दुसरा समास वाचल्यावाचून समजत नाही.

मॅन्युअलचा ‘हेही पाहा’ नाव व अंक देऊन आडवा निर्देश करतो. त्याच्या वाचकाने पूर्वी काहीही वाचलेले नाही, असे तो गृहीत धरतो. दासबोधाचा ‘मागां’ नाव देत नाही, अंक देत नाही. श्रोत्याने मागचे ऐकले आहे, हेच त्याचे गृहीत आहे. मॅन्युअलमध्ये अंक अर्थ ठरवितो आणि क्रम निरर्थक असतो. दासबोधात अंक केवळ स्थान सांगतो आणि अर्थ क्रमाने ठरतो. पारायणाची परंपरा केवळ श्रद्धेचा भाग म्हणून बाजूला सारणे म्हणूनच योग्य नाही. ग्रंथाच्या निर्देशपद्धतीला आवश्यक असलेली वाचनरीती तिने टिकविली आहे.

६

यावर एक आक्षेप घेता येईल. ग्रंथ सातव्या दशकाअखेर संपला होता असे मानल्यास पुढील दशकांत सुटे समास जमविले गेले असण्याचा संभव आहे. मग तेवढ्या भागापुरती तरी संदर्भग्रंथाची कल्पना का स्वीकारू नये? ‘बहुजिनसी’ दशकापुरते या आक्षेपात तथ्य आहे. मात्र लेखनभेद व अर्थभेद यांचा वर दाखविलेला दुवा याच उत्तरभागातील आहे, आणि राजकारणाची जोडीही तेथलीच. समास निरनिराळ्या काळी रचले गेले असे मानले, तरी ज्याने ते दशकांत बसविले त्याने ‘मागां’ हा दुवा सोडलेला नाही. आधी-मागूनची रचना हा ग्रंथेतिहासाचा प्रश्न होय. त्यावरून वाचनक्रम निरर्थक ठरत नाही.

संपादनाच्या दृष्टीने यातून काही गोष्टी निष्पन्न होतात. धुळ्याचे शंकर श्रीकृष्ण देव यांनी डोमगावच्या हस्तलिखिताच्या आधारे दासबोधाचा पाठ सिद्ध केला. आज तो पाठ संगणकावर शब्द टाकून धुंडाळता येतो. अशा शोधात ओवी पुष्पिकेवाचून व शेजारच्या समासावाचून हाती येते, आणि ‘राजकारण’ हा शब्द टाकणाऱ्याची स्थिती ‘प्रिंटएफ’ मागणाऱ्या विद्यार्थ्यासारखीच होते. नव्या आवृत्त्यांत प्रत्येक ओवीबरोबर समासाचे नाव ठेवावे. समनामक समासांचे परस्परनिर्देश समासाच्या माथ्यावर द्यावे. आणि जेथे ‘मागां’ हा शब्द आहे तेथे तो कोणत्या समासाकडे बोट दाखवितो, हे संपादकाने ठरवून लिहावे. शेवटचे काम यंत्राकडून होणारे नाही. त्याकरिता दोनशे समास क्रमाने वाचलेला संपादकच हवा.