कोसंबींचे सूत्र आणि दोन वर्गखोल्या

दामोदर धर्मानंद कोसंबी मराठी वाचकाला इतिहासकार म्हणून परिचित आहेत. पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात गणित शिकवत असताना १९४४ साली त्यांचा चार पानांचा एक निबंध ‘अ‍ॅनल्स ऑफ युजेनिक्स’मध्ये आला. जनुकांचे नकाशे काढताना त्यातील सूत्र आजही वापरतात, हे मात्र फारसे कुणाच्या गावी नसते.

प्रश्न असा होता : एकाच गुणसूत्रावरील दोन जनुकांची ताटातूट किती वेळा होते, हे संकरातून मोजता येते, त्यावरून अंतर कसे काढायचे? मधल्या भागात दोनदा देवाणघेवाण झाली, तर जनुके पुन्हा एकत्र दिसतात आणि मोजणी कमी भरते. हाल्डेन यांनी १९१९ मध्ये प्रत्येक देवाणघेवाण स्वतंत्र मानली. प्रत्यक्षात एक झाली की जवळपास दुसरी सहसा टळते. अंतर वाढेल तसा हा अडथळा ओसरतो. कोसंबींनी हे निरीक्षण समीकरणात आणले. ताटातूट ३० टक्के असेल, तर हाल्डेन यांच्या सूत्राने अंतर सुमारे ४६ सेंटिमॉर्गन येते, कोसंबींच्या सूत्राने ३५. हा फरक आकडेमोडीचा नव्हे, पेशीविषयीच्या गृहीतकाचा आहे.

आपल्या पदवीवर्गांत हा धागाच तुटतो. अकरावीला गणित सोडलेला विद्यार्थी सूत्र आयते घेतो. गणिताच्या विद्यार्थ्याला त्यामागचे विकलक समीकरण सुटेल, पण ते त्याच्यापुढे येतच नाही.

सांताक्रूझला, कलिन्याच्या विद्यानगरीत, मुंबई विद्यापीठ आणि अणुऊर्जा विभाग यांनी २००७ साली मूलभूत विज्ञानांचे केंद्र काढले. पाच वर्षांच्या एकात्मिक एम.एस्सी.च्या आरंभी तेथे गणित आणि जीवशास्त्र दोन्ही सर्वांना शिकावे लागतात. दिशा योग्यच आहे. परंतु अशा प्रयोगाची खरी कसोटी वेळापत्रकात नाही. शेजारशेजारचे तास म्हणजे मिलाफ नव्हे. फळमाशीच्या संकराचे आकडे समोर ठेवून दोन्ही विषयांचे शिक्षक एकाच वर्गात उभे राहतील, तेव्हा तो होईल. आणि तो एका केंद्रापुरता राहिला, तर साध्या बी.एस्सी.च्या विद्यार्थ्याच्या पदरी काय पडणार?

हिशोब संगणक करतो, मग गणित कशाला, असे विचारले जाते. पण संगणकही आधी विचारतो : हाल्डेन की कोसंबी? त्या प्रश्नाचे उत्तर देणारा पदवीधर आपण घडवतो आहोत का, एवढेच पाहायचे आहे.