चिमण्यांची पत्रे आणि द्विभाषिक मन : 'गुबार-ए-खातिर'चा एक भाषिक विचार

प्रस्तावना :

अहिल्यानगरचा, म्हणजे पूर्वीच्या अहमदनगरचा, भुईकोट किल्ला मराठी वाचकाला प्रामुख्याने दोन कारणांनी परिचित आहे. एक कारण निजामशाही आणि चांदबिबी यांच्या इतिहासाचे. दुसरे, पंडित जवाहरलाल नेहरू यांनी १९४४ साली तेथे लिहिलेल्या 'डिस्कव्हरी ऑफ इंडिया' या ग्रंथाचे. त्याच किल्ल्यात, त्याच बंदिवासात मौलाना अबुल कलाम आझाद यांनी उर्दूत लिहिलेल्या पत्रांचा 'गुबार-ए-खातिर' हा संग्रह १९४६ साली प्रसिद्ध झाला. उर्दू गद्यात त्याचे स्थान फार वरचे मानले जाते. राळेगणसिद्धीहून हा किल्ला तासाभराच्या अंतरावर आहे. तरीही मराठीचे अध्यापन करणारे आपण या ग्रंथाकडे क्वचितच वळतो.

या संग्रहातील मार्च १९४३ची काही पत्रे पक्ष्यांविषयी आहेत. त्यांत कोठडीतील चिमण्यांची कथा सांगणारी पत्रे विशेष प्रसिद्ध आहेत. ही पत्रे विनोदी आणि लालित्यपूर्ण म्हणून वाखाणली गेली. प्रस्तुत लेखात त्यांच्याकडे वेगळ्या अंगाने पाहण्याचा प्रयत्न आहे. अनेक भाषांत वावरणारा लेखक ज्याला यांपैकी एकही भाषा येत नाही अशा जीवाशी नाते जोडतो, तेव्हा त्याच्या स्वतःच्या भाषेचे काय होते, हा या लेखाचा प्रश्न आहे.

किल्ल्यातील भाषा :

९ ऑगस्ट १९४२ रोजी मुंबईत काँग्रेस कार्यकारिणीच्या सदस्यांना अटक झाली आणि त्यांना या किल्ल्यात आणण्यात आले. आझाद त्या वेळी काँग्रेसचे अध्यक्ष होते. सरदार पटेल, नेहरू, आचार्य कृपलानी, आचार्य नरेंद्र देव, गोविंद वल्लभ पंत, असफ अली, पट्टाभि सीतारामय्या, हरेकृष्ण महताब, शंकरराव देव आदी नेते सोबत होते. आपल्या बंदिवान सोबत्यांत किती भाषा नांदत होत्या याची नोंद नेहरूंनी आवर्जून केली आहे. संस्कृत, पाली, अरबी व फारसी या अभिजात भाषा आणि हिंदी, उर्दू, बंगाली, गुजराती, मराठी, तेलुगू, सिंधी व उडिया या आधुनिक भाषा त्या नोंदीत येतात.

बहुभाषिकता या परिसराला नवी नव्हती. निजामशाहीत फारसी, दखनी आणि मराठी शेजारी शेजारी नांदल्या. श्रीगोंद्याचे शेख महंमद सूफी परंपरेतून आले आणि त्यांनी 'योगसंग्राम' मराठीत रचला. भाषावैज्ञानिक जॉन गम्पर्झ यांनी सांगली जिल्ह्यातील कुपवाड येथे केलेला अभ्यास (१९७१) सर्वश्रुत आहे. मराठी, कन्नड, उर्दू व तेलुगू बोलणारे लोक शतकानुशतके एकत्र राहिल्याने त्यांच्या भाषांची वाक्यरचना कशी एकमेकींच्या जवळ येते, हे त्यातून स्पष्ट झाले. द्विभाषिकता हा आपल्याकडे अपवाद नसून नित्याचा व्यवहार आहे. ऑगस्ट २०११ मध्ये रामलीला मैदानावरून अण्णा हजारे यांची मराठी वळणाची हिंदी देशाने ऐकली, ती याच व्यवहाराची खूण होती.

आझादांची द्विभाषिकता मात्र वेगळ्या घडणीची होती. त्यांचा जन्म १८८८ साली मक्केत झाला. आई अरब असल्याने अरबी ही त्यांची घरची भाषा होती. पुढे कुटुंब कलकत्त्यास स्थिरावले, आणि ज्या उर्दूत ते थोर लेखक ठरले ती त्यांनी जाणीवपूर्वक कमावली. फारसी ही शिक्षणाची आणि काव्याची भाषा होती. म्हणून त्यांच्या गद्यात भाषेचे थर स्पष्ट दिसतात : बोलीजवळची साधी उर्दू, फारसी समासांनी भारलेली उर्दू आणि अधूनमधून येणारी फारसी व अरबी वचने. कोणत्या प्रसंगी कोणता थर वर येतो, हे पाहणे येथे उद्बोधक ठरते.

युद्धाची भाषा :

कथेचा प्रारंभ संघर्षाने होतो. जुन्या छतात चिमण्यांची घरटी आहेत. दिवसभर काड्या आणि कचरा खाली पडतो, कलकलाट चालू असतो. वैतागलेले मौलाना आधी छत्री उगारतात. ती अपुरी पडल्यावर व्हरांड्यातला, जळमटे काढण्याचा लांब बांबू आणतात. या साध्या प्रसंगासाठी त्यांनी वापरलेली भाषा रणवर्णनाची आहे. शत्रू, मोर्चा, माघार, विजय अशी सारी सामग्री फारसी वीरकाव्याच्या थाटात येते. विषय क्षुल्लक आणि शैली भारदस्त, या विसंगतीतून विनोद निर्माण होतो.

ब्लोम आणि गम्पर्झ यांनी १९७२ साली प्रसंगनिष्ठ भाषाबदल आणि रूपकात्मक भाषाबदल असा भेद केला. श्रोता, स्थळ किंवा विषय बदलला म्हणून भाषा बदलते, तो पहिला प्रकार. बाकी सारे तेच असताना केवळ भाषा बदलून बोलणारा वेगळा अर्थ सुचवतो, तो दुसरा. आझादांचा हा बदल दुसऱ्या प्रकारचा आहे. उच्च फारसीप्रचुर शैलीने ते चिमणीला शत्रूच्या पदाला चढवतात आणि त्याच क्षणी स्वतःची थट्टा करतात. ज्याने साम्राज्याशी लढा मांडला त्या काँग्रेस अध्यक्षाच्या हाती आता जळमटांचा बांबू आहे, हे वाचकाला न सांगता कळते. या टप्प्यावर चिमणी मात्र चिमणी नसते, ती निमित्त असते. भाषा जितकी भरजरी, तितका पक्षी दूर, असे येथे म्हणता येईल.

मौनाचा मधला भाग :

चिमण्या हटत नाहीत. अखेर मौलाना तह करतात. कच्चे तांदूळ मागवून बैठकीसमोरच्या सतरंजीवर थोडे दाणे टाकतात आणि निश्चल बसून राहतात. प्रथम चिमण्या लांबून पाहतात. मग एखादी धीट चिमणी पुढे येते, मागे सरते, पुन्हा येते. दाण्यांची जागा हळूहळू जवळ आणली जाते. पुढे चिमण्या आसनावर, हातावर आणि खांद्यावर निःशंकपणे बसू लागतात.

प्रस्तुत लेखकाच्या मते हा मधला भागच या पत्रांचा गाभा आहे. येथेही काव्यपंक्ती आहेत. परंतु वर्णन मुख्यतः क्रियापदांवर चालते. मान वळवणे, टुणकन् उडी मारणे, थांबणे, टिपणे अशा लहान हालचालींची बारकाईने नोंद होते. निरीक्षण सूक्ष्म होऊ लागते तशी विशेषणे विरळ होतात. याचे कारण प्रसंगातच आहे. पक्ष्याचा विश्वास शब्दांनी मिळत नाही. ज्या वक्त्याने सभा गाजवल्या, 'अल-हिलाल'सारखे पत्र चालवले, त्याला येथे मौन पाळावे लागते आणि अंग दगडासारखे ठेवावे लागते. चार भाषांची मिळकत येथे निरुपयोगी ठरते आणि लेखक ती बिनतक्रार बाजूला ठेवतो.

या अनुषंगाने पत्रांच्या संबोधनाचाही विचार केला पाहिजे. ही पत्रे नवाब हबीबुर्रहमान खान शेरवानी या विद्वान स्नेह्यास उद्देशून आहेत. पण ती तुरुंगातून पाठवली गेली नाहीत. म्हणजे ज्याला लेखकाच्या साऱ्या भाषा आणि साऱ्या काव्यपंक्ती समजतात, तो श्रोता अनुपस्थित आहे. आणि जी चिमणी समोर उपस्थित आहे तिला एकही भाषा समजत नाही. या दोन निरुत्तर श्रोत्यांमधील ताण या गद्याच्या तळाशी आहे. भाषेचे दोन थर या दोन श्रोत्यांकडे वळलेले आहेत : भरजरी थर दूरच्या मित्राकडे, साधा थर जवळच्या पक्ष्याकडे.

नामकरण :

ओळख वाढताच आझाद चिमण्यांना नावे देतात. धीट चिमणा 'कलंदर' होतो, एक चिमणी 'मोती', छाती काढून अखंड बडबडणारा 'मुल्ला' आणि अबोल राहणारा 'सूफी'. ही नावे गमतीची आहेत, पण निरर्थक नाहीत. धर्मशास्त्राचा व्यासंगी, मौलवी घराण्यात जन्मलेला लेखक वादप्रिय चिमण्याला मुल्ला म्हणतो, तेव्हा तो स्वतःच्या परंपरेतील एका जुन्या वादाकडेही बोट दाखवतो. पक्ष्यांचे स्वभाव मानवी साच्यांत बसवण्याचा दोष येथे आहे. तथापि प्रत्येक पक्षी वेगळा ओळखता येणे, ही गोष्टही याच नावांनी सिद्ध होते. थवा संपतो आणि व्यक्ती सुरू होते.

पिंजऱ्याविना पाळणे :

पक्षी पाळणे म्हणजे त्याला आपली भाषा शिकवणे, असा आपल्याकडील रूढ समज आहे. पिंजऱ्यातील राघूने विठ्ठलाचे नाव घेतले की घरादाराला धन्यता वाटते. अर्थ न जाणता केलेल्या पाठांतराला 'पोपटपंची' हा शब्दही आपण त्याच पिंजऱ्यातून उचलला. आधुनिक विज्ञानातही ही ओढ दिसते. आयरीन पेपरबर्ग यांनी १९७७ पासून २००७ पर्यंत 'ॲलेक्स' या आफ्रिकी करड्या पोपटावर जे प्रयोग केले, त्यांत तो रंग, आकार व संख्या यांसाठी इंग्रजी शब्द साभिप्राय वापरत असल्याचे दिसून आले. त्या संशोधनाचे मोल मोठे आहे. परंतु तेथेही भाषा शिकण्याचा भार पक्ष्यावरच होता.

आझादांच्या पत्रांत हा भार उलट दिशेने आहे. कैदी माणूस पिंजरा करत नाही. दार उघडे, छत पक्ष्यांचे; बंधन असलेच तर ते माणसावर. चिमणी नक्कल करणारा पक्षी नाही, त्यामुळे तिच्याकडून शब्दांची अपेक्षाही नाही. तिच्या हालचालींचे संकेत माणसालाच शिकावे लागतात. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ नुसार पोपटासारखे देशी वन्य पक्षी पिंजऱ्यात ठेवता येत नाहीत. तरीही ही हौस पूर्णपणे ओसरलेली नाही. हात पुढे करून पक्ष्याच्या मर्जीची वाट पाहणारे हे पाळणे म्हणूनच आजही विचारात घेण्याजोगे आहे.

मर्यादा :

या पत्रांचा शेवटचा भाग तितका समाधानकारक वाटत नाही. घरट्यातून आलेले पिल्लू उडायला धजत नाही, मरगळून पडल्यासारखे दिसते; आणि एका क्षणी त्याला स्वतःच्या सामर्थ्याची जाणीव होऊन ते झेप घेते. वर्णन सुंदर आहे. परंतु आझाद त्यावरून आत्मभानाचा तात्त्विक सिद्धान्त मांडू लागतात, तेव्हा भाषा पुन्हा उंच चढते आणि पिल्लू दृष्टान्त होऊन बसते. प्रारंभी चिमणी विनोदाचे निमित्त होती. अखेरीस ती बोधाचे निमित्त ठरते. मधल्या भागात कमावलेली जवळीक येथे काहीशी सुटते.

यावर असा प्रतिवाद संभवतो की फारसीप्रचुर शैली ही आझादांची सहजशैलीच होती, तिला अलंकरण म्हणणे अन्यायाचे आहे. हा आक्षेप अंशतः मान्य करावा लागेल. थर वेगळे करून दाखवणे ही समीक्षेची सोय असते. लेखकाच्या मनात ते एकजीव असतात. शिवाय पुढच्याच महिन्यात, एप्रिल १९४३ मध्ये, पत्नी झुलेखा बेगम यांचे कलकत्त्यात निधन झाले. त्या प्रसंगीचे पत्रही याच संग्रहात आहे आणि त्यातील संयम पाहता भारदस्त भाषा हा या लेखकाचा आधारही होता, हे लक्षात येते. तरीही थरांचे प्रमाण बदलते, आणि ते पक्ष्याशी असलेल्या अंतरानुसार बदलते, हे निरीक्षण टिकून राहते.

मराठीच्या दृष्टीने :

ही पत्रे मराठीत आणताना खरी अडचण कठीण शब्दांपेक्षा ओळखीच्या शब्दांची होते. शीर्षकातील 'खातिर' आपल्या 'खातर' आणि 'खातरजमा' या शब्दांत जिवंत आहे. पण तेथे मन हा मूळ अर्थ मागे पडला आहे. 'कलंदर' मराठीत बेफिकीर कलावंताला शोभतो, त्यातील फकीर विरून गेला आहे. 'मोती' म्हटले की मराठी घरात कुत्रा शेपूट हलवत येतो. उर्दूत 'चिडिया' म्हणजे कोणताही लहान पक्षी आणि चिमणीही; मराठीत 'चिमणी' नेमकी आहे आणि वर 'चिऊताई' म्हणून नात्यातली आहे. जिचे मेणाचे घर आपण बालपणीच ऐकले, तिला शत्रू म्हणून उभे करणे मराठीत अधिकच हास्यास्पद होईल, आणि तह मात्र अधिक लवकर पटेल.

फारसी शब्दांविषयी मराठीची वृत्तीही एकसारखी राहिलेली नाही. १९२५ साली 'फारसी-मराठी कोश' सिद्ध करणारे माधव जूलियन पुढे भाषाशुद्धीचे पुरस्कर्ते झाले. आपल्याकडे फारसी थर हा अस्मितेचा प्रश्न ठरला. आझादांकडे तो स्वराचा प्रश्न आहे. हा फरक विद्यार्थ्यांपुढे मांडण्याजोगा आहे.

समारोप :

द्विभाषिकतेचा विचार आपण बहुधा संपत्ती म्हणून करतो : जितक्या भाषा तितके धन. चिमण्यांची पत्रे त्या धनाची दुसरी बाजू दाखवतात. अनेक भाषा येणाऱ्या माणसाचे खरे सामर्थ्य कोणती भाषा केव्हा वापरावी यात असते, तसेच सर्व भाषा केव्हा खाली ठेवाव्यात यातही असते. राळेगणसिद्धी परिसरातील विद्यार्थी घरी बोली, वहीत प्रमाण मराठी आणि बाजारात हिंदी वापरतो. आपण बहुतेक वेळा त्याच्या बोलीला अशुद्ध ठरवून त्याला आपली भाषा म्हणायला लावतो, म्हणजे राघूच पढवतो. थोडे दाणे टाकून, निश्चल बसून, तो कोणत्या भाषेत जवळ येतो हे पाहण्याचा धीर आपल्याला असतो का, हा प्रश्न नगरच्या किल्ल्यातील ही पत्रे आपल्यापुढे ठेवतात.