अपत्याचे निवेदन : मराठीतील एक रिकामी जागा

समलिंगी संबंध हा विषय मराठी साहित्याला आता नवा राहिलेला नाही. परंतु संबंधित संहितांमध्ये निवेदक कोण, हा प्रश्न विचारला की एक उणीव ध्यानात येते. विजय तेंडुलकरांच्या ‘मित्राची गोष्ट’मध्ये सुमित्राची कहाणी बापू हा तिचा मित्र सांगतो. चेतन दातार यांच्या ‘एक माधवबाग’मध्ये आई आपल्या मुलाविषयी बोलते. सचिन कुंडलकर यांच्या ‘कोबाल्ट ब्लू’ (२००६) या कादंबरीत भाऊ आणि बहीण एकाच तरुणावरील आपापले प्रेम सांगतात. या तिन्ही संहितांत समलिंगी व्यक्ती कोणाची तरी मैत्रीण, मुलगा अथवा भाऊ आहे; ती कोणाची आई किंवा बाप नाही. समलिंगी आकर्षण म्हणजे वंशाचा शेवट, हे कुटुंबसंस्थेचे गृहीतक येथे अबाधित राहते.

ही अडचण भाषेची नव्हे. आमच्या राजुऱ्याकडे, किंबहुना विदर्भात अनेक ठिकाणी, मूल वडिलांच्या थोरल्या भावाच्या पत्नीला ‘मोठी आई’ म्हणते. एका मुलाला दोन ‘आया’ असणे बोलीला अपरिचित नाही. मात्र हे दुसरे आईपण पित्याच्या कुळातून मान्यता मिळवते. दोन स्त्रियांच्या परस्परसंबंधातून आलेल्या आईपणाला तसा आधार नसतो.

समाजाने अमान्य केलेल्या घरातील अपत्याने बोलण्याची परंपराही मराठीत आहे. शरणकुमार लिंबाळे यांचे ‘अक्करमाशी’ (१९८४) आणि किशोर शांताबाई काळे यांचे ‘कोल्हाट्याचं पोर’ (१९९४) ही तिची ठळक उदाहरणे. बापाच्या नावाचा प्रश्न दोन्हींत कळीचा आहे. काळे यांनी तर आईचे नाव आपल्या नावात धारण केले. १ मे २०२४ पासून जन्मणाऱ्या मुलांच्या नावात महाराष्ट्र शासनानेही आईचे नाव अनिवार्य केले. तरीही आईच्या नावाचा रकाना एकच राहिला. सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये समलिंगी विवाहास मान्यता नाकारली आणि अविवाहित जोडप्यांच्या एकत्रित दत्तकावरील बंधनही बहुमताने कायम ठेवले. एकल व्यक्ती दत्तक घेऊ शकते. म्हणून दोघींनी वाढवलेल्या दत्तक मुलीची कायद्याने आई एकच ठरते.

गौरी सावंत या तृतीयपंथी आईवरील २०१७ची ‘विक्स’ची जाहिरात या संदर्भात लक्षणीय आहे. लिंगभावाची ओळख आणि समलिंगी आकर्षण या भिन्न गोष्टी आहेत, हे खरे. पण येथे निवेदन मुलीचे आहे. आईची ओळख प्रेक्षकाला शेवटी होते, मुलीला ती आधीपासूनच असते. जे साहित्याने केले नाही ते जाहिरातीने केले. अर्थात, जाहिरातीच्या हेतूमुळे त्या मुलीला केवळ कृतज्ञ राहण्याची मुभा मिळाली. आईवर रागावण्याची, तिच्यामुळे संकोचण्याची, कंटाळण्याची मुभा तिला नाही.

उद्या असे आत्मकथन मराठीत आले तर समीक्षेची कसोटी लागेल. दलित आणि भटक्या-विमुक्तांच्या आत्मकथनांनी आपल्याला वेदनेच्या निकषावर वाचायला शिकवले. त्या लेखनाच्या संदर्भात ते योग्यच होते. परंतु या अपत्याची वेदना घरात नसून शाळेच्या दाखल्यावर असू शकेल, आणि घर इतर घरांसारखेच साधे असू शकेल. त्या साधेपणाला अनुभवाचे उणेपण समजणे म्हणजे घर विपरीतच असणार हा पूर्वग्रह समीक्षेच्या परिभाषेत पुन्हा मांडणे होय.